पदर, पिना आणि कॉल टाइम: मराठवाड्यात मॉडेलिंग करणाऱ्या मुलीचा एक दिवस

जालना, बीड, परभणी, उदगीर. महिन्यातून चार-पाच तरी मेसेज येतात, मुलींचे जास्त, मुलांचेही. विचारणं एकच असतं: "ताई, मॉडेलिंगमध्ये यायचंय, काय करावं लागतं?" याचं उत्तर एका ओळीत देता येत नाही, म्हणून हे सविस्तर लिहिते आहे. मी छत्रपती संभाजीनगरात राहते, नऊ वर्षं हे काम करते. माझं निम्म्याहून जास्त काम साड्या, दागिने आणि लग्नसराईच्या कपड्यांचं आहे. रॅम्पवरही चालले आहे, पण घरभाडं निघतं ते कॅटलॉगवर, म्हणजे दुकानांसाठी काढलेल्या कपड्यांच्या फोटोंवर. मुंबईत नाव झालेल्यांचा दिवस वेगळा जात असेल. इथून सुरुवात करणाऱ्याचा दिवस कसा असतो आणि त्याची तयारी कशी करायची, ते मी सांगू शकते.

एक गोष्ट आधी मनात पक्की करा. फोटो आपला निघतो, पण विकायचं असतं कापड. हे ज्या मुलीला उमगलं, तिला दुकानदार पुन्हा बोलावतो.

पहिल्या कामाच्या आधी

महागडा पोर्टफोलिओ, म्हणजे स्टुडिओतल्या फोटोंचा संच, करून घेऊ नका. सुरुवातीला लागतात ते साधे फोटो, धंद्यात त्यांना पोलरॉइड किंवा डिजिटल्स म्हणतात. पांढरी भिंत, खिडकीचा उजेड, मेकअप नाही, केस मागे बांधलेले, अंगाबरोबरचा काळा टीशर्ट आणि जीन्स. समोरून, दोन्ही बाजूंनी, पाठमोरा, चेहऱ्याचा जवळून आणि एक हसतानाचा. मोबाइलवर काढलेले चालतात. फिल्टर मात्र अजिबात नको, कारण ज्याला काम द्यायचंय त्याला तुमची खरी त्वचा आणि खरा बांधाच बघायचा असतो.

सोबत मापं लिहा: उंची, छाती, कंबर, हिप, चपलेचा नंबर. टेपने मोजून, कोणाकडून तरी मोजून घेऊन. उंची दोन इंच वाढवून सांगायचा मोह होतो. पण त्या मापावर ब्लाउज आणि घागरा शिवून येतो आणि सगळ्यांसमोर तो अंगावर लोंबतो, तेव्हा फार वाईट वाटतं. साडीच्या कॅटलॉगला ५ फूट ४ इंचांची मुलगी चालते. मोठ्या रॅम्पसाठी मुलींना ५ फूट ८ इंच किंवा त्याहून जास्त, मुलांना ६ फुटांच्या आसपास उंची विचारतात. उंची कमी असेल तर दागिने, मेकअप, हातांचे क्लोज-अप, जाहिराती हे सगळं काम उरतंच.

काम शोधायला लगेच मुंबई गाठायची गरज नाही. गुलमंडी, औरंगपुरा, निराला बाजार, पैठण गेट या पट्ट्यात कापडाची आणि दागिन्यांची जेवढी दुकानं आहेत, त्यातल्या बऱ्याच जणांना आता आठवड्याला नवे फोटो आणि रील लागतात. जालन्याचा कापड बाजार, लातूर, नांदेडचं वजिराबाद, तिथेही तेच. दुकानाच्या पेजवर चांगला मेसेज टाका, फोटो आणि मापं जोडा, आणि काउंटरवर जाऊन मालकांना किंवा त्यांच्या मुलाला भेटा. आपल्याकडे अजूनही समोर येऊन बोलणाऱ्या माणसावर विश्वास बसतो. शहरात फॅशन डिझाइन शिकवणारी कॉलेजं आहेत, त्यांच्या वार्षिक शोला चालणारी मुलं लागतात. पैसे फारसे मिळत नाहीत, पण रॅम्पवर पाय कसा टाकायचा ते तिथे शिकता येतं.

आणि जो कोणी "आधी नोंदणी फी भरा, मग काम देतो" म्हणेल, त्याला सोडा. खरी एजन्सी मिळालेल्या कामाच्या पैशांतून कमिशन घेते. काम मिळायच्या आधी फी, ठरावीक फोटोग्राफरकडूनच पॅकेज घ्यायची सक्ती, हॉटेलच्या खोलीत ऑडिशन, यातलं एकही दिसलं तरी परत फिरा. ऑनलाइन पैसे गेलेच तर १९३० या सायबर हेल्पलाइनवर लगेच फोन करा, जितक्या लवकर कराल तितके पैसे अडवता येण्याची शक्यता जास्त.

घरच्यांचं काय, हेही विचारता. माझे वडील, आम्ही त्यांना दादा म्हणतो, पहिले सहा महिने माझ्याशी या विषयावर बोललेच नाहीत. वाद घालून काही झालं नाही. मग एका शूटला मी आईला सोबत नेलं. ती सकाळी भिंतीला खुर्ची लावून पिशवी मांडीवर धरून बसली होती. अकरा वाजता तिने फोटोग्राफरला थेट सांगितलं, "आवो दादा, पदर उलटा दाखवायलेत की हे!" पदर खरंच उलटा होता. दुपारनंतर ती उतरवलेल्या साड्यांच्या घड्या घालत होती. रात्री जेवताना तिनेच दादांना सगळं सांगितलं, कोण कोण होतं, काय काय केलं. तुमच्याही घरी कोणाला तरी एक पूर्ण दिवस दाखवा.

आदल्या संध्याकाळी

काम ठरलं की फोनवरचं बोलणं मेसेजमध्ये लिहून घ्या. जागा कोणती, कॉल टाइम (म्हणजे शूटला हजर व्हायची वेळ) किती, कपडे किती बदलायचे, मेकअप कोण करणार, कपडे बदलायला बंद खोली आहे का, किती वाजता सुटणार, पैसे किती आणि केव्हा, फोटो कुठे कुठे वापरणार. यातल्या शेवटच्या प्रश्नाकडे पुढे येते.

मग बॅग. माझ्या बॅगेत कायम असतं ते असं: त्वचेच्या रंगाचे आतले कपडे, पट्ट्यांचे आणि बिनपट्ट्यांचे दोन्ही. पांढरा, काळा आणि मरून परकर. पुढून बटणांचा सैल शर्ट किंवा गाऊन. उंच टाचेच्या आणि सपाट चपला. दोन बाजूंनी चिकटणारी टेप, काळ्या केसपिना, सुईदोरा, ओले रुमाल, स्वतःचा मेकअपचा स्पंज, लिपस्टिक आणि काजळ, कारण डोळ्याला लागणारी वस्तू चौघींत फिरवू नये. आणि एका छोट्या डबीत मोजून २४ सेफ्टी पिना. मोजून का, ते शेवटी कळेल.

वॅक्सिंग दोन दिवस आधी करा, आदल्या रात्री केलं तर पुरळ दिसतं. नवीन क्रीम, नवीन फेसपॅक आदल्या रात्री मुळीच लावू नका. केसांना तेल नको. नखं एकसारखी कापा, कोपरे घासून गुळगुळीत करा.

सकाळी

कॉल टाइम ६ चा असेल तर ५.४५ ला तिथे असायचं. बाहेरचं शूट असलं की सगळं उजेडावर चालतं. सूर्य उगवल्यानंतरचा पहिला दीड-दोन तासाचा कोवळा उजेड गेला की एप्रिल-मेमध्ये इथलं ऊन अंगावर येतं, चेहऱ्यावर सावल्या पडतात, घामाने ब्लाउज काळा पडतो.

बीबी का मकबरा, दौलताबाद, वेरूळ इथे शूट असेल तर परवानगीचा कागद कोणाकडे आहे ते आदल्या दिवशीच विचारा. ही पुरातत्त्व खात्याच्या ताब्यातली स्मारकं आहेत, धंद्यासाठी शूटिंग करायला परवानगी लागते. "आपण पटकन काढून घेऊ" म्हणणाऱ्या टीमसोबत नटूनथटून गेलात, तर गेटवरून परत यायची वेळ येते आणि दिवस वाया जातो. वेरूळ मंगळवारी बंद असतं, अजिंठा सोमवारी. हे माहीत असलेली मॉडेल टीमला फार आवडते.

घरून निघताना सैल कपडे घाला. घट्ट सलवारीची नाडी, मोज्यांचं इलॅस्टिक, ब्राचा पट्टा यांचे वळ अंगावर उठतात आणि ते जायला तासभर लागतो. शर्ट पुढून बटणांचा अशासाठी की मेकअप आणि केस झाल्यावर डोक्यावरून काही काढावं लागू नये. खाऊन निघा. भाकरी-भाजी, उपमा, अंडी, काहीही, पण उपाशी नको. पहिल्या वर्षी बारीक दिसायचं म्हणून मी न खाता जायची, आणि जालन्याच्या एका शूटला लाइटसमोर उभी असताना डोळ्यांपुढे अंधारी आली. त्या दिवसापासून नाश्ता चुकवला नाही.

मेकअपच्या खुर्चीत

तासभर, नवरीचा लुक असेल तर दोन तास. कशाची अ‍ॅलर्जी असेल तर बसल्याबरोबर सांगा. मान हलवू नका, मोबाइलवर बोलू नका. तुमचा रंग दोन छटा उजळ करायला निघालेल्या आर्टिस्टला प्रेमाने पण स्पष्ट सांगा, की मान आणि हात वेगळे दिसतील. आपल्या सावळ्या रंगावर जांभळी आणि मोरपंखी पैठणी जशी उठून दिसते, तशी पिठूळ मेकअपवर दिसत नाही, हे मी कित्येक फोटोंत पाहिलं आहे.

कापड अंगावर आलं की

हा भाग दोनदा वाचा, कारण इथेच नवी मुलगी ओळखू येते.

शूटची साडी तुमची नसते, पुष्कळदा ती विकायलाच परत जाते. हातमागाची पैठणी असेल तर तिच्या पदरावर विणकराचे आठवडे, भरगच्च पदर असेल तर महिने गेलेले असतात. जमलं तर एकदा पैठणला जाऊन मागावर बसलेल्या माणसाजवळ तासभर थांबा. एकेका मोराचा रंग वेगळ्या छोट्या काडीवरून हाताने भरत आणतात, आणि तासाभरात पदर जेमतेमच पुढे सरकतो. ते पाहिल्यावर पदर धरायची तुमची पद्धतच बदलते.

पदर असा धरा. हात कोरडे, क्रीम न लावलेले. बोटांच्या पेरांवर काठ तोलायचा, मुठीत आवळायचा नाही, नाहीतर जरीला मोड पडते आणि ती फोटोत पांढरी रेघ होऊन दिसते. पदर पसरायला सांगितला की मोर, मुनिया, कमळ जे काही असेल ते पूर्ण दिसलं पाहिजे, तुमचा अंगठा नक्षीवर नको. मग पदर उलटवून मागची बाजूही दाखवायला सांगतील. हातमागाच्या पैठणीच्या पदराची नक्षी मागूनही जवळपास तितकीच स्वच्छ असते, यंत्रमागाच्या साडीत मागे सुटे धागे दिसतात. गिऱ्हाईक फोटोत तेच शोधतं. म्हणून पदर उलटवताना घाई करू नका, कॅमेऱ्याला दोन क्षण द्या.

हिमरूचं, म्हणजे आपल्या संभाजीनगरच्या त्या नक्षीदार विणीच्या कापडाचं, उलट आहे. त्याच्या मागच्या बाजूला सुटे धागे असतातच. अंगठीचा खडा किंवा तुटलेलं नख त्यात अडकलं की धागा ओढला जातो आणि शाल वाया जाते. शाल अंगावर घ्यायच्या आधी अंगठ्या काढून डबीत ठेवा.

खांद्यावर पिन लावताना पिनेत आधी एक छोटा मणी ओवा. पिनेच्या वळणाशी मणी बसला की साडीचा धागा त्यात अडकत नाही, फाटत नाही. जरीतून पिन घालायची नाही, काठाच्या आतल्या बाजूने घालायची. कुर्ता किंवा ड्रेस डोक्यावरून घालायचा असेल तर आधी चेहऱ्यावर पातळ ओढणी टाका, म्हणजे फाउंडेशन आणि लिपस्टिक गळ्याला लागत नाही. अत्तर मारू नका. पांढरे डाग सोडणारा डिओ लावू नका.

माझ्या दुसऱ्याच कामात, लातूरला, मी मोतिया रंगाची साडी नेसून पोहे खायला बसले. पोह्याचा एक पिवळा दाणा निऱ्यांवर पडला. मी ओल्या रुमालाने चोळला, तो आणखी पसरला. दुकानदाराने साडीची किंमत माझ्या पैशांतून कापली आणि त्या दिवशी मी घरी हात हलवत आले. बसभाडंही खिशातून गेलं. ती पावती आजही माझ्या बॅगेच्या आतल्या कप्प्यात आहे. कपड्यात खायचं नाही. खायचंच असेल तर उतरवा, गाऊन घाला, मग खा. आणि काही डागलंच तर चोळू नका, लपवू नका, लगेच सांगा.

कॅमेऱ्यासमोर

दिवसाला १५ साड्या म्हणजे बरं काम, कुर्त्यांचा कॅटलॉग असेल तर ४० कपडेही होतात. प्रत्येकाला ठरलेले फोटो: समोरून निऱ्या, पदर, पाठमोरा ब्लाउज, काठाचा क्लोज-अप. वजन मागच्या पायावर, पुढचा गुडघा किंचित सैल, खांदे खाली. हनुवटी थोडी पुढे काढून जराशी खाली घ्या, म्हणजे गळ्याची घडी जाते. बोटं एकमेकांपासून सुटी, पाण्यात हात सोडल्यासारखी. हात पोटाशी दुमडलात तर काठ झाकतो. आरशासमोर रोज दहा मिनिटं आईची साडी नेसून हेच करा, पुरेसं आहे.

दर शॉटला थोडं बदला, एकदम सगळं नको. आधी मान, मग हात, मग नजर. डोळे मेल्यासारखे दिसायला लागले की क्षणभर मिटून कोणाची तरी आठवण काढा. मी माझ्या भाचीला आठवते. दुपारी तीनला, तिसाव्या कपड्यात, पाय दुखत असताना तोच चेहरा ताजा ठेवायचा, त्याचे पैसे मिळतात.

बाकी वेळ वाट पाहण्यात जातो. इस्त्री होते आहे, लाइट हलतो आहे, वीज गेली आहे. रागावू नका, फोनमध्ये डोकं घालून हरवू नका. पाणी पीत राहा. बाथरूमला जावं लागेल म्हणून मुली पाणी पीत नाहीत, आणि आपल्याकडच्या उन्हात हे धोक्याचं आहे. साडी आवरून जायला मदत मागा, त्यात लाज कसली?

कपडे बदलताना दार बंद, एक ओळखीची बाई जवळ, आणि खोलीत कोणाचाही मोबाइल चार्जिंगला लावलेला नको. पदर नीट करायला कोणी अंगाला हात लावणार असेल तर त्याने आधी विचारलं पाहिजे, आणि ते काम शक्यतो स्टायलिस्ट बाईने करावं. काही चुकीचं घडलं तर गप्प बसू नका. कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्ध २०१३ चा कायदा आहे. दहापेक्षा कमी माणसं असलेल्या जागेसाठी प्रत्येक जिल्ह्यात स्थानिक समिती असते, घटनेनंतर तीन महिन्यांच्या आत तिथे लेखी तक्रार करता येते. तातडीला ११२, महिलांसाठी १८१.

पॅकअपच्या आधी

मेकअप उतरवायच्या आधी कागद. वय १८ पेक्षा कमी असेल तर आई-वडिलांशिवाय सही करायची नाही. रिलीज फॉर्मवर, म्हणजे फोटो वापरायला परवानगी देणाऱ्या कागदावर, "सर्व माध्यमांत, कायमस्वरूपी" असे शब्द असतात. ते वाचा, बोटाने ओळ धरून वाचा. इन्स्टाग्रामसाठी सहा महिने, छापील कॅटलॉगसाठी एक वर्ष, होर्डिंगसाठी वेगळे पैसे, असं लिहून घ्या. मी एका सराफासाठी सोशल मीडियाच्या दराने काम केलं होतं. दिवाळीला तोच फोटो तीन जिल्ह्यांतल्या होर्डिंगवर लागला. नातेवाइकांनी कौतुकाने फोन केले. मला त्यातला एक रुपयाही मिळाला नाही, कारण मी न वाचता सही केली होती.

फी त्याच दिवशी मिळाली तर उत्तम. नाही तर तारीख लिहून घ्या आणि त्या तारखेला सकाळी नम्रपणे मेसेज करा. कंपनी असेल तर टीडीएस, म्हणजे आयकर, आधीच कापते. तो तुमच्या पॅनवर जमा झाला का ते आयकर खात्याच्या पोर्टलवर बघा आणि रिटर्न भरा. बऱ्याच मुली कापलेले पैसे परत मागतच नाहीत. नव्या मुलीला "साडी ठेवून घ्या, पैसे पुढच्या वेळी" म्हणतात. एकदा चालेल. दुसऱ्यांदा पैसेच मागा.

मुंबईचं बोलावणं आलं तर देवगिरी एक्सप्रेसने रात्री बसलं की सकाळी मुंबई. जाहिरातींच्या ऑडिशनी वर्सोव्याच्या आरामनगर भागात खूप चालतात. कॅमेऱ्यासमोर नाव, उंची, शहर सांगायचं, डावा-उजवा चेहरा दाखवायचा, हात पुढे-मागे दाखवायचे, दोन मिनिटांत संपतं. शहर विचारल्यावर आपलं गाव स्पष्ट सांगा. परतीचं तिकीट आधीच काढलेलं असू द्या.

रात्री

घरी आल्यावर आधी मेकअप तेलाने, मग चेहरा पाण्याने. पाय कोमट पाण्यात. वहीत चार ओळी: कोणाचं काम, किती कपडे, किती पैसे, काय राहिलं. परकर भिजत टाका.

आणि डबी उघडून पिना मोजा. २४ भरल्या तर झोपा. एक जरी कमी असेल, तर ती बहुतेक कुठल्या तरी साडीच्या घडीत राहिली आहे. उद्या ती घडी गिऱ्हाइकाच्या हातात जाईल, एखादी बाई काठावरून हात फिरवेल. दुकानाला लगेच फोन करा, रात्रीचे दहा वाजले असले तरी. शेवटी कोणती साडी नेसला होतात आणि पिन डाव्या खांद्यावर होती की निऱ्यांत, ते सांगा.